हेन्री जॉन एल्वेस : स्नोड्रॉप ओळखणारा माणूस

थंड देशांत बर्फ वितळायच्या आधीच जमिनीतून एक छोटे पांढरे फूल डोके वर काढते. त्याचे नाव स्नोड्रॉप. आपल्या अंगणातल्या सुदर्शनच्याच कुळातले. या फुलाच्या एका जातीला ज्यांचे नाव मिळाले, ते हेन्री जॉन एल्वेस.

त्यांचा जन्म १६ मे १८४६ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात कोल्सबोर्न इथे झाला. घर श्रीमंत होते. काही वर्षे त्यांनी सैन्यात नोकरी केली, पण मन रमले ते रानात. १८७० मध्ये पक्ष्यांच्या अभ्यासासाठी ते सिक्कीमलाही आले होते. पुढे पक्ष्यांकडून ते वनस्पतींकडे वळले.

१८७४ च्या वसंतात तुर्कस्तानात स्मर्ना (आजचे इझमिर) जवळच्या डोंगरात त्यांना मोठे स्नोड्रॉप दिसले. दुसरा कोणी असता तर नेहमीचेच फूल म्हणून पुढे गेला असता. एल्वेस थांबले. पुढच्याच वर्षी, १८७५ मध्ये, जोसेफ हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला नवी जात ठरवून गॅलँथस एल्वेसी असे नाव दिले.

आता फरक कसा ओळखायचा ते बघा. नेहमीच्या स्नोड्रॉपची पाने अरुंद असतात आणि उगवताना एकमेकांना सपाट चिकटलेली असतात. एल्वेसीची पाने रुंद, निळसर राखाडी, आणि बुडाशी एक पान दुसऱ्याला गुंडाळून घेते. आतल्या पाकळीवर नेहमीच्या फुलात टोकाशी एकच हिरवा ठिपका असतो. एल्वेसीत बहुतेक वेळा दोन, एक टोकाशी आणि एक बुडाशी. पण काही एल्वेसी फुलांतही एकच ठिपका असतो! म्हणून नुसता ठिपका मोजून भागत नाही, पान बघावेच लागते.

एल्वेस यांनी लिलीच्या फुलांवर ग्रंथ लिहिला. ऑगस्टीन हेन्री यांच्यासोबत ब्रिटन व आयर्लंडच्या वृक्षांवर सात खंड काढले (१९०६ ते १९१३). २६ नोव्हेंबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. कोल्सबोर्नची बाग आजही स्नोड्रॉपसाठी प्रसिद्ध आहे.

या फुलाच्या आवडीची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. तुर्कस्तानच्या डोंगरांतून एल्वेसीचे लाखो कंद उपटून परदेशी विकले गेले. शेवटी १९९० मध्ये या फुलांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले.

वर्गात हा पाठ घेताना मुलांना एकाच झाडाची दहा पाने बघायला द्या. तोडायला नाही, नुसती बघायला. फरक वहीत लिहू द्या. निरीक्षण शिकवायचे ते असेच.