विश्लेषण : वाफेचे इंजिन जेम्स वॅट यांनी शोधलेच नाही, मग केले काय?

किटलीचे झाकण थडथडताना पाहून छोट्या जेम्सला वाफेचे इंजिन सुचले, ही गोष्ट शाळेत बहुतेकांनी ऐकलेली असते. प्रत्यक्षात स्कॉटलंडमधील ग्रीनॉक येथे १९ जानेवारी १७३६ रोजी वॅट यांचा जन्म झाला, त्याच्या २४ वर्षे आधीच थॉमस न्यूकोमेन यांचे इंजिन इंग्लंडमधील कोळसा खाणीतून पाणी उपसू लागले होते. वॅट यांच्या हाती ते आले दुरुस्तीसाठी.

दुरुस्तीत काय आढळले?

ग्लासगो विद्यापीठात वॅट शास्त्रीय उपकरणे बनवत. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेन इंजिनाची लहान प्रतिकृती त्यांच्याकडे आली. काही फेऱ्या झाल्या की ती बंद पडे. या इंजिनात सिलिंडरमध्ये वाफ भरायची आणि तिथेच गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचे पाणी होऊन पोकळी तयार होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्या खाली ढकले. पण दर फेरीला सिलिंडर थंड होई आणि पुढची बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. प्रत्येक भाकरीनंतर तव्यावर पाणी ओतावे, तसा हा प्रकार. मे १७६५ मध्ये एका रविवारी फिरताना वॅट यांना उपाय सुचला. वाफ थंड करण्यासाठी वेगळे भांडे, म्हणजे कंडेन्सर ठेवायचा आणि सिलिंडर कायम गरम राखायचा.

मग ११ वर्षे का लागली?

पैसा नव्हता आणि अचूक गोल सिलिंडर कुणाला बनवता येत नव्हता. दट्ट्याच्या कडेने वाफ निसटे. १७६९ मध्ये पेटंट मिळाले, पण भागीदार जॉन रोबक यांचे दिवाळे निघाले. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करत हिंडत होते. १७७३ मध्ये पत्नी मार्गारेट यांचे निधन झाले. रोबक यांचा हिस्सा बर्मिंगहॅमचे कारखानदार मॅथ्यू बोल्टन यांनी घेतला आणि चित्र पालटले. तोफांच्या नळ्या कोरण्यात तरबेज असलेल्या जॉन विल्किन्सन यांनी हवे तसे सिलिंडर बनवून दिले. बोल्टन यांनी संसदेकडून पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून घेतली. १७७६ मध्ये पहिली इंजिने सुरू झाली. मोबदल्याची पद्धतही चतुर होती : जुन्या इंजिनाच्या तुलनेत जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा कंपनीचा.

इंजिन खाणीबाहेर कसे पडले?

उपसा करणाऱ्या इंजिनाला खाणींपलीकडे फारसे गिऱ्हाईक नव्हते. गिरण्यांना चाक फिरवणारे इंजिन हवे होते. त्यासाठी क्रँक हा सरळ मार्ग, पण त्याचे पेटंट दुसऱ्याकडे होते. म्हणून १७८१ मध्ये दातेरी चाकांची पर्यायी रचना आली. पुढच्या वर्षी दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ सोडणारे इंजिन आले. दट्ट्याचा दांडा सरळ रेषेत ठेवणाऱ्या १७८४ च्या जोडणीचा वॅट यांना सर्वाधिक अभिमान होता. १७८८ मध्ये वेग आवरणारा गव्हर्नर बसला. तो पीठगिरण्यांत आधीपासून वापरात होता. घोडे वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला हिशेब पटावा म्हणून त्यांनी अश्वशक्तीचे मोजमाप ठरवले. विजेच्या दिव्यावरचा ‘वॅट’ मात्र त्यांच्या मृत्यूनंतरचा.

पेटंटने नुकसान झाले का?

काही अंशी नक्कीच. दुसऱ्याच्या क्रँकच्या पेटंटमुळे अडलेल्या वॅट यांनी स्वतःचे पेटंट तितक्याच कडवेपणाने राखले. दोन सिलिंडरचे इंजिन बनवणारे जोनाथन हॉर्नब्लोअर यांची वाट त्यामुळे अडली. उच्च दाबाची वाफ वॅट यांना धोकादायक वाटे. तेव्हाचे बॉयलर पाहता ही भीती अनाठायी नव्हती, पण तिने वाट अडवली हेही खरे. १८०० मध्ये पेटंट संपले. चारच वर्षांत रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचे उच्च दाबाचे इंजिन वेल्समध्ये रुळांवर लोखंड ओढत होते. त्यात वॅट यांचा कंडेन्सर नव्हता.

वॅट तोवर निवृत्त झाले होते. बर्मिंगहॅमजवळच्या घरात माळ्यावरच्या कार्यशाळेत ते पुतळ्यांच्या प्रतिकृती काढणारे यंत्र सुधारत बसत. २५ ऑगस्ट १८१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही त्या यंत्राचे काम सुरूच होते.