केन्स, डिव्हिडंड आणि कॉलेजची तिजोरी

इकॉनॉमिक्सच्या पुस्तकात जॉन मेनार्ड केन्स तुम्हाला भेटतो तो मंदी, बेरोजगारी आणि सरकारी खर्चाच्या धड्यात. त्याची दुसरी बाजू सिलॅबसमध्ये नसते. केन्स बाजारात पैसे लावायचा, दणकून आपटायचा आणि पुन्हा उभा राहायचा. तेही फक्त स्वतःचे नाही, अख्ख्या कॉलेजचे पैसे!

५ जून १८८३ रोजी केंब्रिजमध्ये जन्मलेला केन्स १९०६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीला लागला. त्याचं पहिलं काम काय होतं, माहितीये? दहा वळू जहाजानं मुंबईला पाठवण्याची व्यवस्था! दोन वर्षांत नोकरी सोडून तो केंब्रिजला परतला. त्याचं १९१३ मधलं पहिलं पुस्तक मात्र भारताच्या चलनावरच होतं.

पहिलं महायुद्ध संपलं आणि केन्स परकीय चलनाच्या सट्ट्यात उतरला. मार्क, फ्रँक आणि लिरा घसरणार, याची त्याला खात्री होती. अंदाज पुढे खरा ठरला, पण १९२० च्या मे महिन्यात हीच चलनं वर गेली आणि केन्स बुडाला. मित्रांचे पैसेही बुडाले. अर्नेस्ट कॅसल या बड्या बँकरकडून ५ हजार पौंड उसने घेऊन तो सावरला.

१९२४ मध्ये तो किंग्ज कॉलेजचा मुख्य खजिनदार झाला. तेव्हा कॉलेजं पैसे ठेवायची जमिनीत आणि सरकारी रोख्यांत. केन्सनं त्यातला काही भाग शेअर्समध्ये वळवला. १९२५ मध्ये एका अमेरिकी पुस्तकाचं परीक्षण करताना त्यानं नेमका मुद्दा पकडला. चांगली कंपनी सगळा नफा डिव्हिडंड म्हणून वाटत नाही. ती काही नफा धंद्यातच ठेवते, त्या पैशावर पुढे आणखी नफा होतो. म्हणजे चक्रवाढच!

कळलं, पण वळलं नाही. बाजार कधी चढेल, कधी पडेल, याचे अंदाज बांधणं त्यानं सोडलं नाही. १९२९ ची मंदी त्याला दिसलीच नाही आणि त्याची बरीचशी कमाई गेली. त्यानंतर तो बदलला. नीट माहीत असलेल्या मोजक्या कंपन्या स्वस्तात घ्यायच्या आणि वर्षानुवर्षं धरून ठेवायच्या. ऑस्टिन मोटर्स त्यातलीच एक.

१९३७-३८ मध्ये बाजार पुन्हा कोसळला. केन्सला हृदयविकारानं गाठलं होतं. तो अध्यक्ष असलेल्या विमा कंपनीत त्याच्या निर्णयांवर टीका झाली, १९३८ मध्ये त्यानं ते पद सोडलं. पण घाबरून सगळं विकून टाकायला तो तयार झाला नाही.

२१ एप्रिल १९४६ रोजी तो गेला. सुमारे ३० हजार पौंडांनी सुरू झालेला कॉलेजचा निधी तेव्हा ३ लाख ८० हजारांच्या घरात होता. विशेष म्हणजे, या निधीतून येणारं उत्पन्न कॉलेज खर्च करत होतं. डिव्हिडंड हातात येत होता, तरी मुद्दल वाढत होतं.

आता तुमच्याकडे येऊ. उद्या जर्मनीत शिकायला गेलात आणि तिथे ईटीएफ घ्यायचं ठरवलंत, तर दोन प्रकार दिसतील. डिस्ट्रिब्युटिंग ईटीएफ डिव्हिडंड तुमच्या खात्यात टाकतो, अ‍ॅक्युम्युलेटिंग तो पुन्हा गुंतवतो. कॉलेजला दरवर्षी पैसे लागत होते, म्हणून वाटप योग्य होतं. तुम्हाला वीस वर्षांनी लागणार असतील, तर पैसे आतच राहिलेले बरे. टॅक्सचे नियम मात्र देशागणिक बदलतात, ते आधी बघा.

आणि मोठ्या यील्डला भुलू नका. १०० युरोच्या शेअरवर ४ युरो डिव्हिडंड, म्हणजे यील्ड ४ टक्के. भाव पडून ५० झाला, की तेच यील्ड ८ टक्के दिसतं! कंपनी सुधारलेली नसते, उलट पुढचा डिव्हिडंडच धोक्यात असू शकतो. त्यामुळे किती वाटलं हे बघताना, कंपनीकडे कमावण्याची ताकद किती उरली, हेही विचारा. केन्सला हे अंगवळणी पडायला दोन आपटबार लागले. तुम्हाला ते फुकटात मिळतंय!