पदवीच्या कागदावर ‘तो’ खोडून ‘ती’ लिहावं लागलं! देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअर ए. ललिता
जयंती विशेष : २७ ऑगस्ट

शेतातली मोटार बंद पडली की आपण आधी डीपीवर जाऊन बघतो, मग सबस्टेशनला फोन लावतो. धरणावर तयार झालेली वीज लांबच लांब तारांवरून आपल्यापर्यंत सुखरूप यावी, यासाठी कुणीतरी टेबलावर बसून आराखडा काढलेला असतो. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत हे काम करणाऱ्यांत कलकत्त्याच्या एका कंपनीत एक बाई होत्या. अठराव्या वर्षी विधवा झालेल्या, पदरात एक मुलगी असलेल्या. त्यांचं नाव अय्यलसोमायाजुला ललिता. ए. ललिता म्हणून त्या ओळखल्या जातात.

चार महिन्यांची लेक आणि पुढे अंधार

ललिता यांचा जन्म २७ ऑगस्ट १९१९ रोजी मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, एका तेलुगू कुटुंबात झाला. सात भावंडांत त्या पाचव्या. वडील पप्पू सुब्बा राव हे गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विजेच्या विषयाचे प्राध्यापक होते. मुलं इंजिनिअर झाली, मुलींची मात्र लग्नं लवकर लागली. ललिता यांचंही लग्न पंधराव्या वर्षी झालं. १९३७ साली नवरा वारला. लेक तेव्हा जेमतेम चार महिन्यांची होती.

त्या काळी विधवेच्या वाट्याला काय यायचं, ते आपल्याकडच्या जुन्या माणसांनाही ठाऊक आहे. केस काढायचे, एक वेळचं जेवण, घराचा एक कोपरा. ललिता यांनी मात्र माहेरी येऊन पुन्हा पुस्तक हातात घेतलं. क्वीन मेरीज कॉलेजातून त्या इंटर झाल्या.

पुढे काय, हा प्रश्न होता. डॉक्टरकी बायकांसाठी मोकळी होती. पण डॉक्टरला रात्री-अपरात्री बोलावणं येणार, मग लेकीकडे कोण बघणार? ठरल्या वेळेची नोकरी मिळेल असं शिक्षण त्यांना हवं होतं. म्हणून इंजिनिअरिंग ठरलं.

बापाने शब्द टाकला

अडचण एकच होती. गिंडीच्या कॉलेजात तोवर एकही मुलगी शिकली नव्हती. वडिलांनी प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला. शिक्षण खात्याचे संचालक स्टॅथम यांचीही मंजुरी मिळवली. १९४० साली ललिता यांना इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्या हॉस्टेलवर राहू लागल्या, लेक नातेवाइकांकडे वाढू लागली.

शेकडो मुलांच्या कॉलेजात एकटी मुलगी! वर्गातल्या पोरांचा त्रास नव्हता, पण संध्याकाळी हॉस्टेलवर बोलायलाही कुणी नसायचं. मग वडिलांनी कॉलेजात मुलींनाही प्रवेश मिळतो, अशी जाहिरातच दिली. त्यातून लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. त्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या. यातल्या त्रेसिया पुढे केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या चीफ इंजिनिअर झाल्या. एका लेकीला सोबत मिळावी म्हणून दिलेल्या जाहिरातीने असं काम केलं.

महायुद्धामुळे अभ्यासक्रम लवकर आटोपला आणि तिघींना पदवी मिळाली. पण पदवीचे छापील कागद फक्त पुरुषांसाठीच तयार केलेले होते. त्यावरचं इंग्रजी ‘तो’ खोडून ‘ती’ लिहावं लागलं.

धूर न होणाऱ्या चुलीपासून भाक्रा धरणापर्यंत

ललिता यांनी जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात प्रात्यक्षिक शिक्षण घेतलं. नंतर सिमल्याच्या सेंट्रल स्टँडर्ड्स ऑर्गनायझेशनमध्ये नोकरी केली. तिथे राहायला भावाचं घर होतं. पुढे काही महिने त्यांनी वडिलांच्या संशोधनात हात दिला. विजेवर वाजणारं एक वाद्य आणि धूर न होणारी चूल, अशा गोष्टींवर वडील काम करत होते.

१९४८ साली त्या कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत लागल्या. तिथेही भाऊ होता. शिवाय विधवा नणंद सोबत राहायची, ती लेकीला सांभाळायची. त्या भरवशावर ललिता यांनी तीसेक वर्षं नोकरी केली. विजेच्या मोठ्या लाइन कशा न्यायच्या, सबस्टेशनमध्ये कुठलं यंत्र कुठे बसवायचं, हे त्या ठरवत. तारेत बिघाड झाला की तेवढाच भाग आपोआप बंद पडावा आणि बाकीची यंत्रं जळू नयेत, अशी संरक्षक यंत्रणा लागते. तेही त्यांचं काम होतं. भाक्रा-नांगल धरणाच्या वीजनिर्मिती प्रकल्पाच्या कामातही त्यांचा वाटा होता. लंडनच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेने १९५३ साली त्यांना सहयोगी सदस्य आणि १९६६ साली पूर्ण सदस्य करून घेतलं.

इतर मुलींसाठी

१९६४ साली न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली जागतिक परिषद भरली. भारतात तेव्हा महिला इंजिनिअरची संघटनाच नव्हती, म्हणून ललिता स्वतःच्या नावावर गेल्या. परतल्यावर मासिकांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि इंजिनिअर बाईची गोष्ट घराघरांत पोचली. १९६५ साली त्या लंडनच्या विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीच्या सदस्य झाल्या. १९६७ साली केंब्रिजला दुसरी परिषद झाली, तेव्हा भारतातल्या महिला इंजिनिअरांपर्यंत तिची माहिती पोचवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं.

ललिता १९७७ साली निवृत्त झाल्या आणि १९७९ साली, साठाव्या वर्षी वारल्या. पुन्हा लग्न त्यांनी केलं नाही.

आज आपल्या तालुक्यातल्या मुली आयटीआयला, पॉलिटेक्निकला जातात, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पण कमी वयात नवरा गेलेली, लेकरू कडेवर असलेली पोर घरी बसून राहते, हे आजही दिसतं. ललिता यांची हुशारी त्यांची स्वतःची होती. तिला वाट मिळाली ती बापाने शब्द टाकला, भावांनी घर दिलं आणि नणंदेने लेक सांभाळली म्हणून. अशी लेक किंवा सून आपल्या घरात असेल, तर यंदाचा प्रवेश अर्ज भरायला तिच्यासोबत कुणीतरी जा.