सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या : फुटलेल्या तलावांकडून शिकणारा अभियंता

१५ सप्टेंबर हा अभियंता दिन. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा, अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्यात. १९०३ मध्ये खडकवासला धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले.

१९०८ साली मुसी नदीच्या पुरात हैदराबादेत हजारो माणसं गेली. त्यांनी आधी कारण शोधलं : वरच्या भागातले अनेक तलाव फुटले होते. मग शहराच्या वर पूर अडवणारे जलाशय सुचवले. त्यातूनच उस्मानसागर, हिमायतसागर झाले.

त्यांच्या हयातीतच, १२ जुलै १९६१ रोजी, अर्धवट बांधलेलं पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही. १९६२ मध्ये ते वारले.

सरावलीच्या मुलांना धामणी धरणाविषयी शिकवाल, तेव्हा एवढं नक्की विचारा : जादा पाणी बाहेर कुठून पडतं?