दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

संगणकास आज्ञा लिहून देण्याची विद्या, जिला आतां घरोघरीं ‘कोडिंग’ म्हणतात, ती शिकण्यास प्रथम यंत्रच पाहिजे असें पुष्कळ पालकांस वाटतें. देवळालीच्या एका शाळामास्तरांनीं शोधिलेल्या गणितावरून पाटी-पेन्सिलीनेंही तिचा ओनामा होऊं शकतो.

कापरेकरांचा जन्म डहाणू येथें ता. १७ जानेवारी १९०५ रोजीं झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालें. १९२९ सालीं ते पदवीधर झाले आणि पुढें १९६२ पर्यंत देवळालीस शिक्षक राहिले. एका जातीच्या संख्यांस तर त्यांनीं देवळालीचेंच नांव दिलें! कित्येक विद्वानांनीं त्यांचे शोध पोरखेळ म्हणून हंसण्यावारी नेले. आमच्या मतें त्या हंसण्यांत विद्वत्तेपेक्षां पदव्यांचा अभिमानच अधिक होता.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४९ सालचा. बालमित्रहो, चारही अंक सारखे नाहींत अशी एक चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान संख्या वजा करा. उत्तरावर पुनः तीच क्रिया करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतें व पुढें तेंच कायम राहतें. कापरेकरांचें जन्मवर्षच पाहा: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१, मग क्रमानें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४.

आतां हीच कृति एकानें कागदावर लिहावी व घरांतील दुसऱ्यानें स्वतःची अक्कल न चालवितां तंतोतंत पाळावी. संगणक असाच वागतो. आपल्या लकडगंजांतील आरामशिनीस ओंडका कोठें चिरावा हें कळत नाहीं. जसा सरकवावा तसा ती चिरते. ६१७४ आल्यावर थांबण्याची आज्ञा राहिली, तर संगणक त्याच वजाबाकीच्या घाण्यास जुंपलेला राहील. शून्याचें तर विशेष जपावें. १००० पासून आरंभ केल्यास पहिली बाकी ०९९९ येते. आरंभींचें शून्य गाळलें कीं ९९९ वजा ९९९ होऊन सारें गणितच शून्यांत बुडतें. तें राखलें कीं ८९९१, ८०८२, ८५३२ अशी वाट काढीत तें ६१७४ ला पोहोंचतें.

१९७५ सालीं मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें कापरेकरांविषयीं लिहिलें, तेव्हां जगास त्यांची ओळख झाली. शाळा सोडून त्यांस तेव्हां तेरा वर्षें झालीं होतीं. १९८६ सालीं त्यांचें देहावसान झालें.