नामदार गोपाळ कृष्ण गोखले : सरकारास जाब विचारणारा शिक्षक

आमच्या सोलापूर शहरात पहाटेच्या भोंग्याने जागे झालेल्या पिढ्या पुष्कळ झाल्या. इ. स. १८७४ मध्ये येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन झाली. तिलाच लोक पुढे जुनी गिरणी म्हणू लागले. गिरणीतील साचा आणि घराघरांतील हातमाग या दोहोंवर या गावाचा संसार उभा राहिला. परंतु सोलापुरात विणलेल्या वाराचा भाव केवळ सोलापुरात ठरत नसतो, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात आली असेल. तो भाव कधी मँचेस्टरला ठरला, कधी कलकत्त्यास ठरला. तेथे तो ठरत असता आपल्या बाजूने कोणी तरी उभे राहून प्रश्न विचारावयास हवा होता. ते काम ज्या एका शिक्षकाने केले, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ता. ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ साली ते वारले, तेव्हा गोपाळरावांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. वडील बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावास शिकण्यासाठी पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घरच्या मंडळींचे कसे चालत असेल, याचा विचार आमच्या वाचकांनीच करावा. पै आणि आणा यांची खरी किंमत गोपाळरावांस कळली ती या आठ रुपयांच्या शाळेत, असे आम्हास वाटते.

त्यांच्या बालपणाची एक गोष्ट अनेकांच्या तोंडी आहे. वर्गात एक कठीण उदाहरण त्यांनी बिनचूक सोडवून दाखविले, तेव्हा गुरुजींनी त्यांची पाठ थोपटली. परंतु मुलगा आनंदण्याऐवजी रडू लागला, कारण ते उदाहरण त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडविले होते. दुसऱ्याच्या हिशेबावर आपले नाव चालविणे त्यास सहन झाले नाही.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. लठ्ठ पगाराची नोकरी मिळविणे त्यांस अवघड नव्हते. तथापि पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक होऊन त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या कार्यास वाहून घेतले व पुढे फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून बरीच वर्षे चालले. याच सुमारास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पायाशी बसून ते देशाच्या जमाखर्चाचा अभ्यास करू लागले. सरकारी अहवालांची जाडी पुस्तके वाचावी, त्यांतील आकडे ताडून पाहावे, प्रत्येक विधानास आधार दाखवावा, अशी रानड्यांची शिस्त फार कडक होती. या अभ्यासात त्यांस ज्यांचे मोठे साहाय्य झाले, ते रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी हेही शिक्षकच असून सरकारी शाळाखात्याच्या नोकरीत काही काळ सोलापुरास होते. पुढे कलकत्त्यास बड्या अधिकाऱ्यांस निरुत्तर करणाऱ्या कित्येक आकड्यांच्या मागे या दुसऱ्या शिक्षकाचीही मेहनत होती, याचे आम्हा सोलापूरकरांस कौतुक वाटणे साहजिक आहे.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले. हिंदुस्थानच्या खर्चाविषयी त्यांनी दिलेली साक्ष फार गाजली. परंतु त्याच प्रवासात त्यांजवर एक कठीण प्रसंगही आला. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सोजिरांनी केलेल्या जुलमांविषयी मित्रांच्या पत्रांवरून त्यांनी तेथे काही विधाने केली. परत आल्यावर त्यांचा पुरावा देता येईना, तेव्हा त्यांनी उघडपणे माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांनीच त्यांचा फार उपहास केला. माफी मागण्यात त्यांनी चूक केली की नाही, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले. त्यांत आम्ही शिरत नाही. जे आपणास सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यावे, एवढी गोष्ट मात्र त्यांनी स्वतःच्या लौकिकाचे मोल देऊन पाळली. पुढील आयुष्यात त्यांच्या आकड्यांवर प्रतिपक्षही विश्वास ठेवू लागला, याचे मूळ या कडू प्रसंगातही शोधता येईल.

मुंबईच्या कायदेकौन्सिलात काही काळ काम केल्यावर १९०२ साली गोखले व्हाइसरॉयच्या कौन्सिलात निवडून गेले. ते कौन्सिल आजच्या लोकसभेसारखे नव्हते, हे आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. अध्यक्षस्थानी स्वतः व्हाइसरॉय असत आणि बहुमत सरकारी सभासदांचे असे. १८९२ च्या कायद्याने सभासदांस प्रश्न विचारण्याची व अंदाजपत्रकावर बोलण्याची मोकळीक मिळाली होती; मात्र त्या अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. १९०९ च्या सुधारणेनंतर उपप्रश्न विचारण्याची व ठराव मांडण्याची सवड मिळाली, तरी सरकारची इच्छा नसेल तर ठराव पडावयाचाच. अशा सभेत ज्याच्या हाती मतांचे बळ नाही, त्याच्यापाशी एकच शस्त्र उरते. ते म्हणजे बिनचूक प्रश्न.

त्या वर्षी सरकारच्या खजिन्यात कोट्यवधी रुपयांची शिल्लक पडली होती आणि सरकारपक्षाकडून समाधान व्यक्त होत होते. ता. २६ मार्च १९०२ रोजी गोखले प्रथमच अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. त्यांनी असे दाखविले की, दुष्काळाने व प्लेगाने गांजलेल्या प्रजेपासून गरजेहून अधिक कर घेतल्यामुळे, व रुपयाची विलायती किंमत कृत्रिम रीतीने चढवून ठेवल्यामुळे ही शिल्लक दिसत आहे. ती प्रजेच्या सुबत्तेची खूण नव्हे. मिठावरील कर कमी करावा, हा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. या उतारास इतर कारणेही असतील. परंतु गरिबाच्या भाकरीवरील चिमूटभर मिठाची आठवण दरसाल सरकारास करून देणारा पुरुष कोण होता, हे विसरून चालणार नाही.

आता कापडाकडे वळू. परदेशी मालावरील जवळजवळ सर्व जकाती सरकारने १८८२ पर्यंत उठविल्या होत्या. १८९४ साली पैशाची ओढ लागली, तेव्हा त्या पुन्हा बसविणे भाग पडले. विलायती कापडावरही जकात बसली, तोच लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली की, यामुळे हिंदी गिरण्यांस संरक्षण मिळते. त्यांच्या समाधानासाठी १८९६ साली असे ठरले की, विलायती कापडावर शेकडा साडेतीन आणि देशी गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तितकीच जकात असावी. हातमागाच्या कापडास ही जकात नव्हती. तिचा भार पडला तो गिरण्यांवर व गिरणीचे जाडेभरडे कापड नेसणाऱ्या गरिबांवर. विलायतेहून मुख्यत्वे तलम कापड येत असता येथल्या जाड्याभरड्या कापडाने त्याच्याशी कोणती स्पर्धा होते, असा हिंदी लोकांचा सवाल होता. ही जकात उठवावी, अशी मागणी गोखल्यांनी कौन्सिलात केली. सरकारने ती मानली नाही. १९२५ च्या अखेरीस ही जकात तहकूब झाली व पुढच्या वर्षी रद्द झाली. तो दिवस पाहावयास गोखले जिवंत नव्हते.

परंतु एवढ्यावरून ते परदेशी मालावर डोळे मिटून जकात वाढवा असे म्हणणारे होते, असे कोणी समजू नये. १९११ च्या मार्च महिन्यात पंडित मदनमोहन मालवीय यांनी परदेशी साखरेवरील जकात वाढविण्याचा प्रश्न कौन्सिलात आणला. जावा व मॉरिशस येथील स्वस्त साखर येथे येऊन देशी धंदा बुडवीत होती. लोकमत जकातीस अनुकूल होते. अशा वेळी गोखल्यांनी टाळ्यांकडे पाहिले नाही. त्यांनी सांगितले की, संरक्षण दोन प्रकारचे असते. एका प्रकारात वाढत्या धंद्यास आवश्यक तेवढा आधार मिळतो, पण समाजास नाडणारे बलिष्ठ भांडवलवाल्यांचे कट निर्माण होऊ दिले जात नाहीत. दुसऱ्या प्रकारात अशा कटांचेच फावते व ग्राहकास त्याचा भुर्दंड बसतो. जकातीची सूत्रे आपल्या हाती नसता या दुसऱ्या प्रकाराचेच भय अधिक, म्हणून तूर्त खुला व्यापारच आपणास कमी धोक्याचा, असे त्यांचे मत पडले.

हे मत सर्वांस पटले नाही, आणि आजही सर्वांस पटेल असे नाही. पुढे जकातीच्या बाबतीत हिंदुस्थानास काही स्वातंत्र्य मिळाले आणि १९३२ साली साखरेच्या धंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला. त्यानंतर देशात साखरेचे कारखाने झपाट्याने वाढले. आमच्या जिल्ह्यात माळीनगर येथेही कारखाना उभा राहिला. मालवीयजींची आशा अशा रीतीने फळास आली. तरी धंद्याच्या संरक्षणाचा पैसा अखेर कोणाच्या खिशातून जातो, हा गोखल्यांचा प्रश्न अजून जुना झालेला नाही. ऊस पिकविणारा शेतकरी व साखर विकत घेणारी गृहिणी या दोघांच्याही घरी तो आजही विचारला जातो.

व्यापारात केवळ माल जात नाही, माणसेही जातात. नाताळातील उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर कराराने बांधून नेले जात. ही भरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, असा ठराव गोखल्यांनी ता. २५ फेब्रुवारी १९१० रोजी मांडला. सरकारने तो स्वीकारला व १९११ साली नाताळची भरती बंद झाली. चीनमध्ये जाणाऱ्या अफूचे उत्पन्न हिंदुस्थानच्या खजिन्यास मोठे होते. ते बुडाले तर कर वाढतील, हे हिशेबी गोखल्यांस पक्के ठाऊक होते. तथापि दुसऱ्या राष्ट्राच्या अधःपातातून आलेला हा पैसा आपणास लाजिरवाणा वाटतो, असे त्यांनी कौन्सिलातच सांगून टाकले. आपल्या नफ्याचाही जाब आपल्या सदसद्विवेकास द्यावा लागतो, हे ज्यास कळले त्यासच इतरांस जाब विचारण्याचा अधिकार पोचतो.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे बिल मार्च १९१२ मध्ये अडतीस विरुद्ध तेरा मतांनी पडले. हा पराजय होणार हे त्यांस आधीच दिसत होते, तरी त्यांनी कष्टांत कसूर केली नाही. १९०५ साली त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे पेन्शन दरमहा तीस रुपये होते. सरकारने पुढे देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. अतिश्रमाने खंगलेला त्यांचा देह ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात पडला. त्या वेळी त्यांस एकोणपन्नासावे वर्ष चालू होते.

विद्यार्थिमित्रहो, गणिताचा तास तुम्हांपैकी पुष्कळांस रुक्ष वाटतो, हे आम्हास ठाऊक आहे. शेकडेवारीची उदाहरणे करून काय होणार, असे तुम्ही मनाशी म्हणत असाल. शेकडा साडेतीन हा आकडा एका शहराच्या साच्यांवर कसा ओझे होऊन बसतो, हे तुम्ही वर वाचलेच. तो आकडा समजून घेऊन, पुन्हा ताडून पाहून, निर्भयपणे आणि सभ्यपणे सत्ताधीशांपुढे मांडणारा माणूस प्रत्येक पिढीस लागतो. आमच्या वर्गांतील एखाद्या बाकावर तो आज बसलेला असावा, एवढीच ईश्वरचरणी आमची प्रार्थना आहे.