मुत्सद्दी मलिक अंबर

इ. स. १६०० च्या ऑगस्ट महिन्यात अहमदनगरचा किल्ला अकबर बादशहाच्या फौजेने घेतला. चांदबिबीचा अंत झाला आणि बाल निजामशहा कैदेत पडला. निजामशाही बुडाली, असेच सर्वांना वाटले. मलिक अंबर नावाच्या एका हबशी सरदाराला मात्र ते मान्य नव्हते.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपिया देशात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. हातोहाती विकला जात तो बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा मुख्य प्रधान चंगीझखान याच्या पदरी राहिला. राज्य कसे चालते, हे त्याने तेथे जवळून पाहिले. अहमदनगर पडताच त्याने राजघराण्यातील मुर्तजा यास परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसविले.

१६०२ साली नांदेडजवळ त्याची मोगलांशी गाठ पडली. मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याचा पुत्र इरज हा समोर होता. हिंदी दोह्यांचा कर्ता म्हणून प्रसिद्ध असलेला रहीम तो हाच खानखानान. लढाई मोठ्या निकराची झाली. घायाळ होऊन अंबर घोड्यावरून खाली कोसळला. शत्रूच्या हाती तो लागणार, तोच त्याच्या इमानी हबशी व दख्खनी शिपायांनी त्याला उचलून रणांगणाबाहेर नेले.

लढाई अंबर हरला होता. तरीही जखमा भरताच त्याने पुन्हा स्वार जमविण्यास प्रारंभ केला. खानखानान मोठा चाणाक्ष होता. असा शत्रू एका पराभवाने नाहीसा होत नाही, हे त्याने ओळखले. शिवाय उत्तरेत शाहजादा सलीमने बंड मांडले होते. त्यामुळे बादशहाकडून नव्या कुमकेची आशा थोडी होती. अंबरचीही अडचण होती. राजू नावाचा दुसरा निजामशाही सरदार त्याच्या पाठीशी वैर धरून होता. दोन शत्रूंशी एकाच वेळी लढणे म्हणजे सर्वनाश. तेव्हा दोघांनी तह केला आणि आपापल्या मुलखाच्या सीमा ठरवून घेतल्या.

वरवर पाहता हा बरोबरीचा तह. परंतु लाभ झाला तो दुर्बळ पक्षाचा. ज्या राज्याचे अस्तित्वच मोगल मानीत नव्हते, त्याच्याशी त्यांना सीमा आखाव्या लागल्या! अंबरला उसंत मिळाली. त्या अवधीत त्याने राजूला कैद केले. अहमदनगरनंतर मोगलांची दृष्टी विजापूरवरच वळणार, हे त्याने इब्राहिम आदिलशहाला पटवून दिले. १६०९ साली विजापूरकडून त्याला घोडदळाची मदत मिळाली आणि नांदेडच्या दक्षिणेचा बळकट कंधार किल्लाही मिळाला. आपल्या पुत्राचा विवाह विजापूरच्या एका सरदाराच्या कन्येशी लावून त्याने हा स्नेह दृढ केला.

पुढच्याच वर्षी अहमदनगरचा किल्ला पुन्हा निजामशाहीत आला. त्याच सुमारास अंबरने खडकी हे नगर वसविले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६१६ साली रोषणगावच्या लढाईत तो पुन्हा हरला आणि मोगलांनी खडकी जाळली. पण १६२४ साली भातवडीला त्याने मोगल व आदिलशाही या दोघांच्या फौजांचा एकत्र पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले.

जहांगीर बादशहाचा त्याच्यावर एवढा राग होता, की अंबरच्या शिरावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. प्रत्यक्षात तशी संधी त्याला कधीच लाभली नाही. १६२६ साली वयाच्या सुमारे ७८ व्या वर्षी अंबर वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे.